हो का न्हाय

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "ताई, दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एकाला हो म्हणून ठेवू का? दुसऱ्याचं नक्की झालं की मग बघता येईल." मी खंडपीठाच्या पायऱ्या उतरत होते, हातात फायली होत्या. विचार करायच्या आतच माझ्या तोंडून निघालं, "उत्तर कधीपर्यंत मागितलंय, ते विचारलंस का?" फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की शब्द तर सोडाच, आवाजातला ठसकासुद्धा माझा नव्हता. तो बनसोडे मॅडमचा होता.

लीला बनसोडे मूळच्या जळकोटच्या. धाराशिवला जिल्हा कोर्टात वकिली करायच्या आणि सकाळी आमच्या विधी महाविद्यालयात तासावर शिकवायच्या. शिकवायचा विषय एकच, करार कायदा. साडेसातचा तास असला की सात पंचविसाला त्या फळ्याशी उभ्या असत, कोर्टाचा काळा कोट हातावर घडी करून टाकलेला, पायात पुरुषी वाटाव्या अशा जाड चपला. उंची बेताची. चष्म्याची एक काडी बरीच वर्षं पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली होती. नवीन का घेत नाही, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "दिसतंय की मला."

त्यांचा पहिला तास मला अजून आठवतो. हजेरी न घेताच त्यांनी विचारलं, "स्टँडवर तुळजापूरची गाडी लागली. दाराशी ही गर्दी. तुम्ही खिडकीतनं रुमाल टाकला. सीट तुमची झाली का?"

अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही म्हणाला. मागच्या बाकावर भांडणच लागलं.

"रुमालवाला म्हणतो झाली," मॅडम म्हणाल्या, "बसलेला म्हणतो न्हाय झाली. आन् कंडक्टर म्हणतो, भांडायचं असंल तर खाली उतरा. आता ह्यात प्रस्ताव कुठंय आन् स्वीकृती कुठंय?" पुढची चाळीस मिनिटं त्यांनी त्या एका रुमालावर काढली, आणि पुस्तकातली आठ पानं आम्हाला कळायच्या आत आमच्या डोक्यात जाऊन बसली. तास संपला तेव्हा खडू टेबलावर ठेवत म्हणाल्या, "कायद्याचं झालं. आता माझं सांगते. दोन गाड्यांत रुमाल टाकून चहा प्यायला जाणारा माणूस मला आवडत न्हाय. त्याच्यापायी एक म्हातारी तुळजापूरपर्यंत उभी राहती."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

'बघू' हा शब्द त्यांना सहन होत नसे. विद्यार्थी असो, अशील असो, न्यायाधीशांचा शिरस्तेदार असो, कुणी 'बघू' म्हटलं की त्या चष्मा वर सारून विचारायच्या, "बघू म्हंजे? हो का न्हाय?" कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घरोघर जाऊन दिली. सगळे म्हणाले, येणार की, न येऊन कसं चालेल. मॅडमनी पत्रिका वाचली, डायरी उघडून तारीख पाहिली आणि दारातच सांगितलं, "मी येणार न्हाय. त्या दिवशी कळंबला साक्ष आहे." प्राध्यापकांना ते लागलं. लग्नाला 'येणार की'वाल्यांपैकी निम्मे आलेच नाहीत आणि दोन पंगतींचं जेवण उरलं. मॅडमचा आहेर मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला होता. तरी ते प्राध्यापक वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. "खरं सांगणाऱ्याचा राग येतो," मॅडम म्हणाल्या, "पण तो निवतो. वाट बघायला लावणाऱ्याचा राग निवत न्हाय."

अशिलांशीही असंच. एक म्हातारी वाटणीचा दावा घेऊन आली, तर पहिल्याच भेटीत तिला सांगितलं, "आजी, ही केस हरण्यासारखी आहे." आजी उठून दुसऱ्या वकिलाकडं गेल्या. दोन वर्षांनी परत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हारू द्या, पण तुमीच हारा." मॅडमनी ते वकीलपत्र घेतलं. केस हरल्याही. आजी पुढं कोर्टात आल्या की त्यांच्यासाठी चुलीवरच्या खरपूस बाजरीच्या भाकरीचा चतकोर फडक्यात बांधून आणत.

आमच्या कॉलेजात 'ऑफर' हा शब्द फक्त करार कायद्याच्या पुस्तकात असायचा. परीक्षा झाली, की मुलं काळा कोट शिवायची आणि मामाच्या ओळखीच्या एखाद्या वकिलाच्या टेबलाशी जाऊन बसायची. मुलींपैकी बऱ्याचजणी तेवढंही करायच्या नाहीत. पण मॅडमचे एक जुने विद्यार्थी, माने, पुण्यात बऱ्यापैकी मोठं ऑफिस चालवायचे. मॅडमच्या शब्दाखातर ते दर उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातल्या दोघांना महिनाभर कामाला घ्यायचे. तिसऱ्या वर्षाच्या आधी मी तिथं गेले. काचेचं दार, थंडगार खोली, आणि दिवसभर कंपन्यांचे करार तपासायचे.

परीक्षेच्या तोंडावर माने सरांचा फोन आला. जागा आहे, येतेस का? मी येरमाळ्याला घरी होते. हायवेवर आमचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, भजी काढत होते, बाजूला बस थांबली होती, हॉर्नचा कल्लोळ. मी एकच बोलले, "हो सर." कधीपर्यंत कळवू, काम काय असेल, काहीच विचारलं नाही. अण्णांनी त्याच दिवशी पेढे आणून गिऱ्हाइकांना चहाबरोबर वाटले.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. माने सरांनाही नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी संभाजीनगरला एका ज्येष्ठ वकीलबाईंना भेटून आले होते. त्या खंडपीठात भूसंपादनाच्या केसेस लढायच्या. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचं हॉटेल मागं सरकवावं लागलं होतं. मी तेव्हा नववीत होते. नोटिसांच्या कागदावर बोट ठेवून अण्णा विचारायचे, "अश्विनी, हे कलम म्हंजे काय गं?" मला सांगता यायचं नाही. त्या वकीलबाईंच्या टेबलावर तसलेच कागद होते, गठ्ठेच्या गठ्ठे. मला तिथंच काम करायचं होतं. पण त्या म्हणाल्या होत्या, कळवते. आणि माझी खात्री होती, त्या कळवणार नाहीत.

त्यांनी कळवलं. पुण्याला हो म्हटल्यानंतर दोनच दिवसांनी.

मैत्रिणीला विचारलं तर तिच्याकडं उत्तर तयार होतं. "दोन्हीकडं हो म्हण. पुण्याला रुजू व्हायच्या आधी आजारी आहे म्हणून कळव. कोण येतंय बघायला?" एक रात्र मला तेही पटलं. सकाळी मी धाराशिवची बस धरली.

दुपारची सुट्टी होती. बार रूमच्या व्हरांड्यात मॅडम एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. धपाटं आणि दही. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक धपाटं माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "मान्यांना काय म्हणालीस? हो, का विचार करून सांगते?"

"हो म्हणाले."

"पण पुण्याचं पत्र कुठं आलंय मॅडम?" मीच पुढं बोलले. बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. "पगार ठरला नाही, तारीख ठरली नाही. अटीच निश्चित नाहीत. म्हणजे करारच झाला नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पेपरात असं लिहिलंस तर मी पैकीच्या पैकी मार्क देईन," त्या म्हणाल्या. "कायद्यानं तू सुटलीस. आता हे सांग, मान्यांनी तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर आज कोण बसलंय?"

"कुणीच नाही."

"आन् त्या खुर्चीसाठी अजून कोण आलं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी विचारच केला नव्हता.

मग त्यांनी मला नसीमची गोष्ट सांगितली. त्याआधी ती त्यांनी कुणाला सांगितली होती की नाही, ठाऊक नाही. मी तरी कुणाकडून ऐकली नव्हती.

मॅडम वकील झाल्या तेव्हा तुळजापूरला एक म्हातारे वकील होते. बायकांना ज्युनिअर म्हणून घेणारा त्या भागात तो एकच माणूस, आणि त्यांच्या खोलीत जागाही एकाचीच. मॅडम त्यांना हो म्हणाल्या. त्याच महिन्यात सरकारी कचेरीतल्या नोकरीची यादी लागली, तिच्यात यांचं नाव. घरात दुसऱ्यांच्या रानात सालदारकी करण्यात पिढ्या गेल्या होत्या, सरकारी नोकरी पहिलीच. वडील रडले म्हणे. मॅडम नोकरीवर रुजू झाल्या, पण नोकरी पक्की होईपर्यंत त्या वकिलांना काही कळवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आज कळवू, उद्या कळवू, असं करत तीन महिने गेले.

"म्हाताऱ्यानं माझी खुर्ची तीन महिने रिकामी ठेवली," मॅडम म्हणाल्या. "मध्ये नळदुर्गची एक पोरगी येऊन गेली. नसीम. माझ्यापेक्षा हुशार होती, ते मला पुढं कळलं. म्हातारा तिला म्हणाला, बेटी, जागा दिली मी, बनसोड्यांची लीला येणार आहे. तिच्या घरच्यांनी तेवढे तीन महिनेच दम धरला. मग लग्न करून दिलं. काळा कोट तिच्या अंगाला लागला न्हाय."

व्हरांड्याखाली कुणीतरी चहावाल्याला हाक मारून गेलं.

"चार वर्षांनी मी ती नोकरी सोडून परत कोर्टात आले. तेव्हा नसीमच्या घरी गेले होते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाने दो आपा, हो गया सो हो गया. चहा दिला, पोरं दाखवली. तिनं सोडून दिलं." मॅडमनी दह्याची वाटी पुसून घेतली. "मला सोडता येईना."

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग मी पुण्यालाच जाऊ का?"

"मी तसं म्हणलं न्हाय. कुठं जायचं ते मी सांगणार न्हाय. ते तुझं तू ठरव. पण आज ठरव, आन् आजच दोघांला सांग."

"आत्ता?"

"जेवण झालं की."

मी पुण्याचा नंबर लावला. मॅडम उठून गेल्या नाहीत, पण त्यांनी पाठ फिरवली आणि समोरच्या बदामाच्या झाडाकडं बघत बसल्या. मी माने सरांना खरं ते सांगितलं. आधी एक मुलाखत दिली होती, तुम्हाला हो म्हणताना ते सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, आता तिकडून बोलावणं आलंय आणि मला तिकडं जायचंय.

पलीकडून ते म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"तुझ्यासाठी मी दोघांना नाही म्हटलंय. एकाला आजच परत फोन करतो. दुसरा आता मिळायचा नाही." फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "आणि मॅडमना सांग, यापुढं तिकडून कुणाला पाठवू नका."

फोन बंद झाला. शेवटचं वाक्य गिळून टाकावं, असं मला फार वाटलं. पण मॅडम वळल्या, चष्मा वर सारला, आणि मी ते जसंच्या तसं सांगून टाकलं. बोलता बोलता रडू आलं. माझ्यामुळं खालच्या वर्गातल्या पोरांचं दार बंद झालं होतं.

त्या रागावल्या नाहीत. समजूतही काढली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. आता मला ठाऊक झालं. संभाजीनगरच्या बाईंना काय सांगणार?"

"येते म्हणून."

"कधी जायचं, काम काय, कोर्टात स्वतः उभं राहून बोलायला कधी मिळणार, राहायचं कुठं? विचारलंस?"

"नाही."

"परत तेच!" आणि मग तिथंच, वकीलपत्राच्या कोऱ्या पाठीवर, त्यांनी माझ्याकडून सहा प्रश्न लिहून घेतले. सगळे नम्र, सगळे स्पष्ट. "विचारायला लाजायचं न्हाय. आधी विचारलेलं कुणाला लागत न्हाय. मागनं फिरवलेलं लागतं."

ते सहाही प्रश्न विचारून मी त्याच दुपारी संभाजीनगरला हो कळवलं. घरी वेगळंच रामायण झालं. पगार पुण्याला मिळाला असता त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पेढे तर वाटून झालेले. अण्णा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळंबच्या कोर्टाला निघालेल्या मॅडम येरमाळ्याला उतरल्या आणि सरळ हॉटेलच्या बाकड्यावर येऊन बसल्या. अण्णांनी चहा समोर ठेवला.

"तुमची पोरगी चुकली," मॅडम म्हणाल्या. "पण चूक लपवली न्हाय. हे सांगायला उतरले."

"मॅडम, म्या अख्ख्या गावाला पुणं सांगून बसलो."

"मग आता संभाजीनगर सांगा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तुमीच सांगा."

अण्णा कढईत बघत राहिले. मग पहिल्यांदाच माझ्याकडं वळून म्हणाले, "त्या बाई आपल्या रस्त्याच्या केशी बी घेतात का?" मी हो म्हटलं. त्यांनी मॅडमना भज्यांची प्लेट दिली. मॅडमनी ती पूर्ण संपवली, आणि वर मिरची मागितली.

पुढच्या वर्षीची गोष्ट मला ईट गावच्या किरणनं सांगितली. तो आमच्या खालच्या वर्गातला. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली तेव्हा मॅडम त्याचा आणि आणखी एका मुलीचा अर्ज घेऊन, किरणला बरोबर घेऊन, पहाटेच्या बसनं पुण्याला गेल्या. वेळ घेतलेली नव्हती. माने सर बाहेर होते. त्या काचेच्या दाराआतल्या सोफ्यावर मॅडम चार तास बसल्या. दुपारी तिथंच डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास सगळ्या थंडगार ऑफिसात पसरला. किरणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी स्वागतकक्षातल्या मुलीलाही धपाटं दिलं.

माने सर आले आणि त्यांना बघून जागीच थांबले. "मॅडम, तुम्ही फोन करायचा ना."

"फोनवर तुम्ही न्हाय म्हणला असता. त्यात चूक बी न्हवती. समोर म्हणायचं असंल तर म्हणा, मी लगेच उठते. पण आमची एक पोरगी चुकली, त्याच्यासाठी ह्या दोघांना न्हाय म्हणू नका. ह्यांनी अजून चूक केली न्हाय."

माने सरांनी दोन्ही अर्ज हातात घेतले, चाळले. म्हणाले, "एकाला घेतो."

"कुणाला?" मॅडमनी तिथल्या तिथं विचारलं. "म्हंजे दुसऱ्याला आजच सांगता येईल."

त्यांनी त्या मुलीला घेतलं. किरण परतीच्या बसमध्ये मॅडमशेजारी बसून आला. वाटेत मॅडमनी त्याला आणखी तीन वकिलांची नावं लिहून दिली आणि टेंभुर्णीला बस थांबली तेव्हा उसाचा रस पाजला. आता तो भूमला वकिली करतो. बोलता बोलता म्हणाला, "नकार घेऊन आलो होतो गं, पण रिकाम्या हातानं आल्यासारखं वाटलंच न्हाय."

मला या सगळ्यातलं मॅडमनी कधीच काही सांगितलं नाही.

संभाजीनगरला माझा जम बसायला तीन-चार वर्षं गेली. मॅडमना फोन केला की त्या कामाचं विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. पुढं त्यांनी शिकवणं थांबवलं, मग वकिलीही. शेवटच्या सगळ्या फायली त्यांनी अशिलांच्या घरी स्वतः नेऊन दिल्या आणि त्या जळकोटला भावाच्या घरी राहायला गेल्या. तिथं त्यांना सगळे लीलाक्का म्हणत.

मागच्या हिवाळ्यात सोलापूरला काम निघालं, परतताना वाट वाकडी करून मी जळकोटला उतरले. घरी कळलं, अक्का रानात आहे. भावजय हसत होती. "चाळीस वर्षं कोर्टात गेली, आता शेती शिकाय लागलीय."

हायवेपासून थोडं आत त्यांचं रान. ज्वारी हुरड्यावर आली होती, डोक्याच्या वर. मॅडम बांधावर आगटी पेटवून बसल्या होत्या, पायात तसल्याच जाड चपला. मला बघून उठल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "ये. हात पसर." आणि गरम हुरडा तळहातावर चोळून घातला. मला चटका बसला तशा खूश झाल्या. कायद्याचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा त्यांनी तो सोडून दिला. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. या सालची कणसं कशी भरली, हरभऱ्याला अळी कशी लागली, भावाला त्यातलं काही कसं कळत नाही. आम्ही हरभऱ्याचे ढाळे सोलत बसलो. त्या बारीक झाल्या होत्या. दोन-तीन वेळा खोकला आला, तेव्हा बोलणं थांबवून त्या हातानं 'थांब' अशी खूण करायच्या आणि मग तुटलं तिथूनच वाक्य पुढं न्यायच्या.

निघताना मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात येऊन जाते."

"तारीख काय?"

मी दोन आठवड्यांनंतरची तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली.

त्या तारखेला मी गेले, पण मॅडम आदल्या रात्रीच गेल्या होत्या. घरासमोर मांडव होता आणि माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. जळकोटच्या विहारातले भंतेजी आले होते. धाराशिवहून निम्मं कोर्ट आलं होतं. त्या गर्दीत मॅडमचा चेहरा बघितला, तो मी लक्षात ठेवलेला नाही.

मला आठवतं ते रानातलंच. मी बांधावरून हायवेकडं निघाले होते, मागून पाखरांचा मोठा थवा ज्वारीवर उतरला. वळून बघितलं तर मॅडम पाखरं राखायच्या लाकडी माळ्याच्या शिडीवर चढत होत्या, एका हातानं पदर खोचत. मी ओरडले, "मॅडम, पडाल!" त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. वर उभं राहून त्यांनी गोफणीत दगड घातला, डोक्याभोवती गरगर फिरवली आणि सोडली. दगड भलत्याच दिशेला, भावाच्या हरभऱ्यात जाऊन पडला. पण गोफणीच्या आवाजानं थवा भर्रकन उठला, सगळ्या रानावरून वळला, आणि मॅडम माळ्यावर उभ्या राहून दोन्ही हात वर करून, गळा फाडून त्याच्यामागं ओरडत होत्या, हसत होत्या.